पाचवं कलम

नियम बदलला की तो शाखांपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. भोरमधल्या एका छोट्या सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात, जिन्याखालच्या टेबलावर बसून मी ते वीसेक वर्षं केलं. लोक विचारायचे, बँकेत तुमच्याकडं काय असतं, कॅश की कर्ज? मी म्हणायचो, कागद. मग पुढं कुणी काही विचारत नसे आणि मलाही ते बरं वाटायचं.

वरच्या कार्यालयांकडून इंग्रजीत परिपत्रकं यायची. त्यातली निम्मी घरकर्जाची असायची, कारण घर गहाण ठेवून घेताना बँकेला शंभर गोष्टींची भीती वाटते. आज म्हणायचे, नकाशावर ग्रामपंचायतीचा शिक्का हवा. सहा महिन्यांनी म्हणायचे, तो चालणार नाही, दुसरा आणा. मग घराचा विमा हवा, जामीनदार एकाऐवजी दोन हवेत, कर्जदाराचा फोटो हवा, पुढं तर घरासमोर उभ्या असलेल्या कर्जदाराचा फोटो हवा. ज्याचं घर अजून बांधायचंय त्यानं कशासमोर उभं राहायचं, हे कुणी लिहिलेलं नसायचं. असला डोक्याला ताप.

आमच्या शाखाधिकाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण ते वाचत बसायचे नाहीत. म्हणून मी मराठीत सार काढायचो, स्टेन्सिल नावाच्या मेणकागदावर टाइप करायचो, सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायचो आणि टपालानं पाठवायचो. फार महत्त्वाचं असलं तर एसटीनं स्वतः किकवीला, वेल्ह्याला जायचो, शाखाधिकाऱ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि खाली 'वाचले, समजले' अशी सही घ्यायचो. आमच्या साहेबांचा दंडक होता की एका परिपत्रकाला एकच स्टेन्सिल, एकच पान. स्टेन्सिल महाग पडायची. तीन पानांचं इंग्रजी मी एका पानात बसवायचो आणि त्याचा मला गर्व होता. थोडाथोडका नाही, चांगलाच.

वेल्ह्याचे शाखाधिकारी माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. अंगानं किरकोळ, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं. माझं परिपत्रक हातात आलं की ते टेबलावर पट्टी ठेवायचे आणि ओळीखाली लाल रेघ मारायचे. प्रत्येक ओळीखाली. एकदा मी चिडवलं, अहो, सगळ्याच ओळी महत्त्वाच्या कशा? तर म्हणाले, कुठली नाही ते तुम्ही सांगा. बाकीच्या शाखांत माझी परिपत्रकं चहाच्या कपाखाली जायची. यांच्या फायलीत एक पान दुमडलेलं सापडायचं नाही. मला त्या माणसाचा आदरही वाटायचा आणि कंटाळाही यायचा.

बँकेत कॉम्प्युटर आलेला नव्हता तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडाला एक परिपत्रक आलं. घराची जागा भावाभावांत सामाईक असेल आणि एकानं कर्ज काढलं, तर दुसऱ्याची संमती लागायची. ती तोवर स्टॅम्पपेपरवर, दोन साक्षीदारांसमोर, शाखेतच घेतली की भागायचं. आता ती सरकारी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन नोंदवलेलीच हवी, नाहीतर कर्जाचा पैसा सोडायचा नाही. हे सगळं चार कलमांत होतं. पाचवं कलम दोन ओळींचं होतं. ज्या कर्जांचा पहिला हप्ता बँकेनं आधीच दिलेला आहे, त्यांना हा नियम लागू नाही. आमची बँक घरासाठी पैसे तीन वेळा द्यायची. एकदा पायाला, एकदा भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत आल्या की, आणि एकदा छपराला.

चार कलमं टाइप झाली आणि स्टेन्सिल संपत आली. खाली दोनच ओळींची जागा उरली होती, तिथं साहेबांची सही यायची. वरचं खोडून पुन्हा आवळून लिहावं तर नवी स्टेन्सिल लागणार आणि साहेब कपाळाला आठ्या घालणार. मी विचार केला, जुन्या प्रकरणाला जुना नियम, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ते काय लिहायचं? पाचवं कलम मी सोडून दिलं. त्याबद्दल त्या दिवशी मला काहीही वाटलं नाही. दुपारी डबा खाल्ला आणि दुसरं काम घेतलं.

हे परिपत्रक महत्त्वाचं, म्हणून वेल्ह्याला मी स्वतः गेलो. भोरहून नसरापूर, तिथून दुसरी गाडी. शाखाधिकाऱ्यांनी चारही कलमांखाली लाल रेघा मारल्या आणि सही केली. एवढंच ना, असं त्यांनी विचारलं. ते नेहमीच विचारायचे. मी म्हटलं, एवढंच.

त्यानंतर दिवाळी होईपर्यंत माझं वेल्ह्याला जाणं झालं नाही. गेलो तेव्हा कामं उरकल्यावर ते म्हणाले की एक घरकर्ज अडकून पडलंय, नियमातून काही वाट निघते का ते तुम्ही एकदा जागेवर येऊन बघा. त्यांच्या एम-एटी स्कूटरवर मागं बसून मी गेलो. गाव वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला.

जुनं घर दोघा सख्ख्या भावांचं होतं, मधे एक भिंत. धाकट्यानं आपली अर्धी बाजू पाडून तिथं नवं घर काढलं होतं. विटांच्या भिंती लिंटलपर्यंत आल्या होत्या आणि वर काही नाही. गज गंजलेले, भिंतींवर शेवाळ, आत गुडघाभर गवत. अख्खा पावसाळा ते तसं उभं होतं, आणि वेल्ह्याचा पावसाळा ज्यानं काढलाय त्याला जास्त सांगायला नको. थोरल्याच्या बाजूची मधली भिंत मातीची, ती उघड्यावर पडलेली. तिला भाताच्या काडाचा आडोसा बांधला होता, तरी खालून निम्मी खचली होती. धाकटा बायकोमुलांना घेऊन समोरच्या गोठ्यात राहत होता, वीस पावलांवर. एका अंगाला म्हशी, एका अंगाला चूल.

धाकटा शेतावर होता. त्याच्या बायकोनं आम्हाला पोत्यावर बसवलं, चहा टाकला आणि चुलीकडं तोंड करून सगळं सांगितलं. पाया झाला, बँकेनं पहिला पैसा दिला, भिंती आल्या. दुसऱ्या पैशाला गेले तर शाखेनं सांगितलं की थोरल्या भावाला रजिस्टर ऑफिसात नेऊन पुन्हा संमती द्यायला लावा. थोरल्यानं पहिली संमती हसतहसत दिली होती. ही ऐकून तो बिचकला. तिकडं रजिस्टरला अंगठा दिला म्हणजे जमीन गेली, हे लोकांच्या मनात पक्कं बसलंय, आणि ते उगीच बसलेलं नाही. तरी तो धाकट्याबरोबर गेला, कचेरीच्या बाकावर बसला. तिथं त्याला कुणीतरी सांगितलं की एकदा संमती घेऊन बँकेनं पैसा दिलाय, मग पुन्हा कशाला मागंल? तुझा भाऊ दुसरंच काहीतरी लिहून घेतोय. थोरला उठला आणि एसटीत बसून घरी आला.

मी ते ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, सल्ला देणारा शहाणा होता. नियमाप्रमाणं बँक पुन्हा मागणार नाही, हे त्यानं अगदी बरोबर ओळखलं होतं.

पुढं व्हायचं ते झालं. धाकटा गावादेखत थोरल्याला नको ते बोलला. घर वर येताना बघून तुझ्या पोटात दुखायला लागलं, इथपर्यंत. तोवर त्याची बायकापोरं थोरल्याच्याच अर्ध्या घरात राहत होती. भरपावसात त्याच दिवशी त्यांनी भांडीकुंडी गोठ्यात नेली. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. एवढं सांगून झाल्यावर ती पहिल्यांदा आमच्याकडं वळली.

"सख्ख्या भावानं आमच्या डोक्यावरचं छप्पर अडवलं," ती म्हणाली. "दुसऱ्यानं अडवलं असतं तर येवढं लागलं नसतं."

पहिला हप्ता कधी मिळाला, असं मी विचारलं. म्हणाली, गुढीपाडव्याच्या आधी. माझं परिपत्रक पाडव्यानंतरचं. समोर चहा होता, म्हशीच्या दुधाचा, दाट, तो मी गुमान प्यायलो. तिथं बोलायला तोंड उघडलं नाही. भ्यालो, दुसरं काय.

परतताना चढावर मी शाखाधिकाऱ्यांना पाचव्या कलमाचं सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. तुमच्या पानात ते का नव्हतं, असं विचारलं. मी म्हटलं, पानात जागा उरली नव्हती. मला वाटलं आता चिडतील, आणि चिडावं असंच मला वाटत होतं.

"बाकीच्यांसारखा मी तुमचा कागद न वाचता ठेवून दिला असता," ते म्हणाले, "तर त्यांचं घर झालं असतं."

मग किक मारली. वेल्ह्याच्या स्टँडवर त्यांनी मला सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी मूळ इंग्रजी कागद साहेबांपुढं ठेवला. त्यांनी दार लोटून घेतलं, दोनदा वाचला आणि एक 'खुलासा' काढायला सांगितला. पहिला हप्ता दिलेल्या प्रकरणांना सदर नियम लागू नसल्याचे स्पष्ट करण्यात येत आहे. कुणाकडून काय राहिलं, याचा त्यात एक शब्द नाही. बँकेचं नाव जातं, असं ते म्हणाले. मला साधं रागावलेसुद्धा नाहीत. त्या न रागावण्याचाच मला संताप आला, पण मीही टाइप करून मोकळा झालो. आठवड्यात वेल्ह्यात पैसा सुटला. शिमग्याच्या आत छपरावर पत्रे चढले.

बँकेचं प्रकरण मिटलं होतं. माझं मिटेना. जेवायला बसलो की ती भाताच्या काडानं झाकलेली भिंत डोळ्यांपुढं यायची. शेवटी एका रविवारी, रजा नाही की भत्ता नाही, मी त्या गावाला गेलो.

नव्या घराला दारं बसायची होती, म्हणून धाकटा अजून समोरच्या गोठ्यातच होता. शाखेनं त्याला नियम बदलला एवढंच सांगितलं होतं, आणि त्यानंही पैसा मिळाला म्हणून जास्त खोदलं नव्हतं. मी त्याला सरळ सांगितलं की नियम बदलला नव्हता. तुम्हाला तो लागूच नव्हता, लिहिण्यात चूक माझी झाली. भावाची दुसरी सही कधी लागणारच नव्हती. तो गोठ्याच्या तोंडाशीच खाली बसला.

"म्हंजे दादानं काय अडवलंच न्हाई?"

"नाही."

गावादेखत मी त्याला काय काय बोललो, असं तो दोनदा म्हणाला. मग माझा हात धरून म्हणाला की तुमीच दादाला सांगा, तुमी शिकलेली माणसं, तुमचं ऐकंल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. निदान काही कामाचा तरी ठरलो.

थोरला त्याच्या ओसरीत विळ्याला धार लावत होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. स्टेन्सिल, कलम, खुलासा, काही ठेवलं नाही. हवं तर माझ्या सहीनं लिहून देतो, असंही म्हटलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग मी कुठून आलो ते त्यानं विचारलं. मी भोर म्हटलं.

"भोरवरनं दोन गाड्या बदलून तुमी तुमची चूक सांगाय आला," तो म्हणाला. "त्यो समोर ऱ्हातोय. त्याची कोन सांगनार?"

मी उठलो, अंगण ओलांडून आलो आणि धाकट्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं पायात चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. बायकोकडं एकदा बघितलं. तिनं 'जा' म्हणून मान हलवली. मग तो निघाला आणि ती वीस पावलं चालायला त्याला इतका वेळ लागला की मला बघवेना, तरी मी बघत उभा राहिलो.

तो ओसरीवर जाऊन बसला. थोरल्यानं विळा खाली ठेवला नाही. थोड्या वेळानं थोरल्याची बायको, त्याची वहिनी, बाहेर आली. पाहुण्यापुढं ठेवतात तसा तिनं त्याच्यापुढं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला, पदर सावरला आणि आत गेली. त्या घरात तो जन्मला होता. तिथलं पाणी त्यानं सगळा जन्म रांजणातून आपल्या हातानं घेतलं होतं. तांब्याकडं बघितलं आणि तो माणूस हमसून हमसून रडायला लागला. थोरल्यानं मान वर केली नाही.