वासनिककाकांच्या नावावरची चूक

वासनिककाका गेल्याचं मला कुणी फोन करून सांगितलं नाही. ऑफिसच्या ग्रुपवर शेठचा मेसेज आला. वर काकांचा ओळखपत्रावरचा फोटो, खाली जोडलेले हात आणि मधे दोन-तीन ओळी : ‘आपले जुने सहकारी देवराव वासनिक यांचे निधन झाले. साधा माणूस. नव्या तंत्रज्ञानाशी त्यांना शेवटपर्यंत जुळवून घेता आले नाही, पण मन मोठे होते.’ त्या ‘पण’पाशी माझं डोकं फिरलं. त्याला आता सहा आठवडे होतील, अजून ते जागेवर आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. शेठनं चांगलं बोलता बोलता एक धडधडीत खोटं उरकून घेतलं, आणि त्याखाली सगळ्या ऑफिसनं हात जोडले. जोडणाऱ्यांत मीही होते.

सदर भागात दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. काटोलकडची संत्री, रामटेककडचा तांदूळ, गोठवलेला मका असा इकडचा माल परदेशी रवाना करायचा हा आमचा धंदा. मी तिथे लागले तेव्हा एका कंटेनरसाठी काका दिवसभर फोनवर असायचे. पॅकिंगवाला, ट्रकवाला, कस्टमचा एजंट, बंदरावरचा माणूस, जहाज कंपनी, तिकडचा खरेदीदार... प्रत्येकाकडे वेगळी माहिती, आणि ती सगळी जुळायची ती फक्त काकांच्या डोक्यात. मग शेठनं ते ऑनलाइन प्लॅटफॉर्म घेतलं. बुकिंग, कागदपत्रं, कंटेनर कुठे पोचला, आत तापमान किती, सगळं एकाच स्क्रीनवर, आणि सगळ्यांना एकाच वेळी दिसणारं. आम्ही तरुण मंडळी कुरकुरत होतो. काका निवृत्तीला टेकलेले, पण आठ दिवसांत त्यांनी ते शिकून घेतलं आणि मग आम्हाला शिकवलं. अरबी समुद्रात आपल्या जहाजाचा ठिपका सरकताना दिसला की ते हातातला चहा ठेवून हाक मारायचे, “ये वं स्नेहल, पाय! आपला मका मस्कतच्या बाजूनं चालून राहिला!” ज्या माणसानं आम्हाला हे सगळं हाताला धरून शिकवलं, त्याला जुळवून घेता आलं नाही म्हणे.

त्यांनी एक जुनी सवय मात्र सोडली नव्हती. थंड कंटेनर निघाला की ते ड्रायव्हरला फोन करून कंटेनरला बाहेरून लावलेल्या डब्यावरचा तापमानाचा आकडा मोठ्यानं वाचायला लावायचे. “स्क्रीन खोटं नाही बोलत,” ते म्हणायचे, “पण तिले जे सांगितलं तेच ते सांगते. काय सांगाले पायजे होतं, ते तिले कसं समजन?” शेठला हे आवडायचं नाही. एवढं महागाचं प्लॅटफॉर्म घेतल्यावर फोन कशाला, ग्राहकाला वाटेल आपला आपल्याच सिस्टीमवर भरोसा नाही. एका सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर फोन बंद करायला सांगितलं. काका “हाव” म्हणाले आणि त्यांनी बंद केले.

आता लॉगिनचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. माणशी एक लॉगिन घ्यावं लागतं. शेठनं ऑफिसभर मिळून एकच घेतलं, काकांच्या नावानं, कारण भरवशाचा माणूस तोच. पासवर्डची चिठ्ठी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली. आम्ही सगळे त्या एका नावानं काम करायचो. मी केलेलं बुकिंगसुद्धा ‘देवराव वासनिक’ या नावानं जायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, उलट गंमत वाटायची. “काका, आज तुम्ही फार काम केलंत,” असं आम्ही त्यांना चिडवायचो आणि ते हसायचे.

संत्र्याच्या हंगामात दुबईसाठी एक कंटेनर होता. त्या सकाळी काका काकूंना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. शेठ घाईत आले, काकांच्या खुर्चीत बसले, आणि मक्याच्या जुन्या बुकिंगची नक्कल करून त्यांनी संत्र्याचं बुकिंग टाकलं. आमच्याकडे सगळे असंच करतात, पुन्हा सगळं भरायला नको म्हणून. त्यांनी मालाचं नाव बदललं, वजन बदललं, खरेदीदार बदलला. तापमानाचा रकाना तसाच राहिला. मका उणे अठरावर जातो, संत्री शून्याच्या वर पाचावर. मी समोरच्याच टेबलावर होते. त्यांना तिथे बसून टाइप करताना मी या डोळ्यांनी पाहिलं. दुपारी काका आले, त्याच खुर्चीत बसले आणि त्यांनी दिवसाची उरलेली चार बुकिंगं केली.

कंटेनर निघाला. स्क्रीनवर रोज हिरवी खूण. का नसणार? सांगितलेलं तापमान उणे अठरा, आतलं तापमान उणे अठरा. सगळं बरोब्बर जुळत होतं. दुबईत दार उघडलं तेव्हा आत संत्र्यांचे दगड होते.

दुबईच्या खरेदीदारासमोर व्हिडिओ कॉल झाला. शेठनं स्क्रीनवर ते बुकिंग उघडलं. तारीख होती, नाव होतं, वेळ नव्हती. “रेकॉर्ड सामने है,” ते म्हणाले. “हमारे सीनियर आदमी से गलती हो गई। उमर हो जाती है।” हे ते काकांच्या शेजारी बसून बोलले. काकांनी स्क्रीनकडे खूप वेळ पाहिलं. मग ते मान खाली घालून म्हणाले, “हाव... माझ्याकूनच राहिलं असन.”

आणि मी? मला वाटलं, काय माणूस आहे! सगळं माहीत असून मालकाची अब्रू झाकतो आहे. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यात नोकरीची भीती होती, तिला मी काकांच्या मोठेपणाचं नाव दिलं. शेठचा मला संताप येतो, पण त्याहून जास्त स्वतःच्या त्या मनातल्या नमस्काराचा येतो. महिन्याभरात काका स्वतःहून नोकरी सोडून गेले. ‘थांबा’ असं एकही माणूस म्हणाला नाही. पुढच्या दिवाळीच्या आधीच ते झोपेत गेले. हृदयाचा त्रास जुना होता. त्या चुकीनं गेले असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही.

गेल्या रविवारी काकूंना भेटायला गेले. इंदोरा वस्तीत दोन खोल्यांचं घर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काकांचा फोटो. काकूंनी मला आतल्या खोलीत नेऊन भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. तारखांच्या चौकोनांत काकांच्या बारीक, नेटक्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं. मला वाटलं दुधाचे खाडे असतील. वाचायला गेले. ‘गॅस बंद केला.’ ‘चावी खिशात.’ ‘गोळी घेतली, सकाळची.’ रोज. प्रत्येक चौकोनात.

“संत्र्याचं ते झालं ना, तवापासून,” काकू म्हणाल्या. “म्हणत, मी ते आकडे कवा टाकले मले आठवतच नाही. म्हणजे माझं डोकं गेलं. डाक्टरनं तपासलं, म्हणे काही नाही झालं तुम्हाले. पण त्याइले पटेच ना. नातवाले शाळेत सोडाले जात, तेबी सोडलं. म्हणत, रस्त्यात हात सुटला माझ्याकून तर?”

त्यांना माहीत नव्हतं. मोठेपणा वगैरे काही नव्हता तो. त्या दिवशीची बाकीची चार बुकिंगं त्यांचीच होती, आणि पाचवं आपलं असं कुणी पुढे येऊन म्हणालं नाही. स्क्रीनवर स्वतःचं नाव पाहिलं आणि त्यांनी स्क्रीनवर विश्वास ठेवला, स्वतःवर नाही.

मी काकूंना सांगितलं. त्या सकाळी काका तुमच्यासोबत दवाखान्यात होते, खुर्चीत शेठ होते, मी पाहिलं... काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“मंग तवा काहून नाही सांगितलं वं?”

“मला वाटलं, काकांना माहीत आहे.”

“त्याइले कुठून माहीत असन, बाई? पाहिलं तर तू होतं.”

हे सगळं मी आता ग्रुपवर, शेठच्या त्या मेसेजखाली लिहिलं आहे, आणि दुबईच्या खरेदीदारालाही कळवलं आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. पण त्यानं त्या खोलीतलं काही पुसलं जात नाही. काकूंनी कॅलेंडरचं ते पान अजून उलटलेलं नाही. लिहिलेल्या शेवटच्या चौकोनात एवढंच आहे : ‘नळ बंद केला. पाहून आलो. पुन्हा पाहून आलो.’