पहिलवानाचं एकच ताट

लाकडाच्या वखारीच्या फाटकाशी दोन खोल्यांत राहणाऱ्या काकूंना सगळ्या जगात एकाच जिवाची धास्ती. पहिलवानाची. पहिलवान म्हणजे वखारीचा राखणीचा कुत्रा. वजनाने काकूंपेक्षा भारी, डोकं घमेल्याएवढं. भुंकायचा क्वचितच, पण नुसता उभा राहिला तरी ट्रकवाले खाली उतरत नसत. पाच वर्षं, काका नसले की, काकू त्याचं ताट झाडूच्या दांड्याने पुढे सरकवत आल्या होत्या.

काका, म्हणजे काकूंचे यजमान आणि वखारीचे पहारेकरी, दोन दिवसांसाठी मुलीकडे निघाले तेव्हा दहादा बजावून गेले, "अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी. खाल्ल्यावर तासभर सोडायचा नाही."

पण त्या दाढांपुढे दोनदा जायचं? काकूंनी देवाचं नाव घेऊन सगळं सकाळीच वाढलं. तेवढ्यात फाटकावर ट्रकचा हॉर्न वाजला. काकूंनी सवयीने खिडकीतली दोरी ओढली, पहिलवानाच्या जाळीचं दार उघडलं आणि पहिलवान अख्ख्या वखारीला तीन फेऱ्या मारून आला.

थोड्या वेळाने तो नुसता येरझाऱ्या घालू लागला. ओकायला बघे, पण फेसाशिवाय काही पडेना.

"जास्त झालंय पहिलवानाला," वखारीचा मुकादम हसला. "काकू, तुमच्या हाताला चवच तशी!"

काकूंना हसू आलं नाही. त्यांनी काकांना फोन लावला.

"पोटावर बोटं मारून बघ," काका म्हणाले.

"मी? हात लावू?"

"तूच. दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही तो."

काकूंनी डोळे मिटून बोटं मारली. ढोलासारखं वाजलं. पलीकडे काकांनाही ते ऐकू गेलं. मग म्हणाले, "पोटाला पीळ पडला असेल. खोल छातीच्या कुत्र्यांना पडतो. जनावरांच्या डॉक्टरला बोलाव. धाव, बाई."

डॉक्टर आले तर पहिलवान आडवा पडल्या पडल्या गुरगुरला. मुकादम पार लाकडांमागे गेला.

"सुई टोचून आधी हवा काढायला हवी," डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी डोकं धरा. वेळ नाही."

काकूंनी झाडू टाकला, मातीत बसल्या आणि ते डोकं मांडीवर घेतलं. "चूक माझी आहे रे राजा. चावायचं तर मला चाव." पहिलवानाने हनुवटी टेकवली आणि जड उसासा टाकला.

हवा फुस्स करून सुटली. मग टेम्पोतून दवाखाना, मग ऑपरेशनच्या खोलीचं बंद दार. बाकावर काकूंनी किती वेळा देवाला हाक मारली, त्यांनाच ठाऊक. दार उघडलं तशा त्या उठून पुढे झाल्या.

"वाचलाय," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवस मात्र जपायचं."

संध्याकाळी काका धावत दवाखान्यात आले. "काय वाढलं होतंस?"

"सगळं. एकदम. भीतीपोटी." काकूंनी मान वर केली नाही. काका नुसते शेजारी बसले.

आता काकू ताट हातानेच ठेवतात, दोनदा. नंतर तासभर स्टूल टाकून जाळीत बसतात. तो घोरत असतो, तरी मधूनच वाकून त्याच्या पोटावर बोटं वाजवून बघतात.