फिजिऑलॉजीची तोंडी

दातांच्या कॉलेजात पहिल्या वर्षी दात शिकवतील अशी माझी भाबडी समजूत होती. दात होतेच, पण त्यांच्याबरोबर अख्खा माणूस गळ्यात पडला. हाडं, नसा, हृदय, मूत्रपिंड, कान, सगळं. मेडिकलची मुलं वाचतात त्यातलं बरंचसं आम्हीही वाचायचं आणि वर त्यांनी आम्हाला 'दातवाले' म्हणायचं. मला याचा फार राग यायचा. मला तसा बऱ्याच गोष्टींचा राग येतो, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं घर भिवंडीत, एका लूमच्या कारखान्याला पाठ लावून. मधे फक्त एक भिंत. आई त्याच कारखान्यात कांडी भरायची. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती दोऱ्याची छोटी नळी. ती भरायचं मशीन एका कोपऱ्यात होतं आणि उरलेल्या जागेत लूमच्या दोन रांगा. सगळे लूम एकदम चालू असले की शेजारचा माणूस कानात बोलला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे कुणी आवाज लावतच नाही. तोंड मोठं करायचं, ओठ सावकाश हलवायचे, समोरचा ओठांवरून शब्द उचलतो. नवा माणूस पहिला आठवडाभर ओरडतो, घसा बसला की आपोआप शिकतो. मी तर चालायला लागले तेव्हापासून शिकलेली. शाळेतून आले की कारखान्याच्या दारातून 'भूक लागली' असं नुसत्या तोंडाने सांगायचे आणि आई मशीनवरून न उठता ओठांनीच डब्यात काय आहे ते सांगायची.

माझा अभ्यासही असाच सुरू झाला. मला मनातल्या मनात पाठ होत नाही, समोर कुणीतरी लागतं. कॉलेजमधून यायचं म्हणजे आधी कल्याण, तिथून शेअर रिक्षा, वाटेत कोन गावापाशी अडकलेल्या ट्रकांच्या नावाने बोटं मोडत घर. दप्तर टाकायचं आणि पुस्तक पाठीमागे धरून आईच्या मशीनसमोर उभं राहायचं. ती कांड्या बदलत राहायची, नजर माझ्या तोंडावर. मी चावायचे स्नायू सांगायचे, मॅसेटर, टेम्पोरॅलिस आणि पुढचे दोन. आई सातवी शिकलेली, इंग्रजीचा गंध नाही. एकदा मी घडाघडा म्हणून मोकळी झाले तर तिने मान हलवली.

"काल मधी टेम्पो व्हता," ओठांनी म्हणाली. "आज सोडलास."

मी पुस्तक उघडून पाहिलं. टेम्पोरॅलिस खरंच राहिला होता. त्यानंतर माझी कुठलीही यादी तिच्याकडून पास झाल्याशिवाय मी पक्की धरली नाही. अर्थ तिला काडीचा कळत नसे, पण कालचं तोंड आणि आजचं तोंड जुळलं नाही की ती लगेच हात वर करायची. पहिल्या लूमवरचे चाचा एकदा थांबून तिला विचारत होते, "भाभी, बिटिया ये कौन सी बोली बोलती है?" आई म्हणाली, "डाक्टरी." मी तेव्हा मनातून केवढी फुगले होते.

वर्षाची परीक्षा आली. लेखी पेपर चांगले गेले. अ‍ॅनाटॉमीची तोंडीही निभावली, कारण तिथे हातात खालच्या जबड्याचं हाड दिलं होतं आणि मी बोटाने एकेक जागा दाखवत गेले. फिजिऑलॉजीच्या तोंडीला हातात काही नव्हतं. थंड खोली, मधे टेबल, पलीकडे बाहेरून आलेले परीक्षक. त्यांनी विचारलं, हृदयाच्या एका ठोक्यात काय काय होतं ते सांग. मला ते उलटं-सुलटं कसंही येत होतं. मी सांगायला लागले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बोला."

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली, तोंड आणखी मोठं करून, ओठ आणखी सावकाश हलवून. त्यांचा चेहरा बदलत गेला. मी आणखी सावकाश केलं. शेवटी त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "चेष्टा करतेस का माझी?" म्हणाले. "जा."

बाहेर आले तर माझ्यामागे नंबर असलेली मैत्रीण दारातूनच सगळं पाहत होती. ती म्हणाली, "अगं, तू बोललीच नाहीस. नुसतं तोंड हलवत होतीस."

तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की मी बोलतेय. ज्या शब्दांना मी वर्षभर कधी आवाज लावलाच नव्हता, ते घाबरल्यावर तसेच बाहेर पडले, बिनआवाजाचे. फिजिऑलॉजीत नापास झाले. पुरवणी परीक्षा दोन महिन्यांवर होती. तीत विषय निघाला नाही तर माझी बॅच पुढे जाणार आणि मी पहिल्या वर्षात, नव्या मुलींबरोबर, पुन्हा 'दातवाली' म्हणवून घेत. बाबा दापोड्याच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बघ, झेपत नसेल तर सांग." त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

आईला घडलेलं सांगितलं तर ती हसली. चांगली पोट धरून हसली. "परीक्षेत कांडीवाली बोली बोललीस?" म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. पण अबोल्याने फिजिऑलॉजी निघत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी मीच उपाय काढला. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी आईने माझ्याकडे पाठ करून बसायचं. ओठ दिसणार नाहीत, म्हणजे मला आवाज लावावाच लागेल. आवाज बंद पडला तर तिने हात वर करायचा.

आईने जरा आढेवेढे घेतले, मग बसली भिंतीकडे तोंड करून, पुढ्यात वालाच्या शेंगांची टोपली. मी हृदयापासून सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि तिचा हात वर. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा हात. मी आवाज वाढवला. हात वरच. मी ओरडायला लागले तरी तिचं आपलं एका हाताने सोलणं चालू आणि दुसरा हात वर. आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मुद्दाम करतेस का तू? मला रडवायचंय का तुला?"

तेवढ्यात बाबा बाहेरून आले. "काय चाललंय? पार नाक्यापर्यंत ऐकू येतंय," म्हणाले.

मी बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. तिने मान वळवली नव्हती. बाबा आलेत हेही तिला कळलं नव्हतं. हात अजून वरच होता.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. फोनचा स्क्रीन उजळला की ती तो माझ्या हातात द्यायची, "तू बोल, माजं हात ओले हायत." टीव्हीवरची मालिका ती आवाज बंद करून बघायची आणि मी म्हणायचे, किती साधी आहे माझी आई, कुणाला त्रास नको म्हणून तसं बघते. कुकरपाशी ती उभी राहायची ते शिट्टी ऐकायला नव्हे, बघायला. एवढं शरीर शिकणारी मी आणि घरातला कान मला दिसला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

समोर जाऊन बसले आणि विचारलं, कधीपासून?

"झाली सा-सात वरसं," ती म्हणाली. "तोंड दिसलं का समजतं सगलं. अडत न्हाय काय."

"सांगितलं का नाहीस?"

"तू कंदी पाठ करून बोललीसच न्हाय."

आपण डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर ती ऐकेना. आधी तुझी परीक्षा, मग माझे कान. मी भांडले, पण तिच्यापुढे माझं कधी चाललंय? आणि पाठ करून बसायचा उपाय तर बाद झाला. मग तिनेच दुसरा काढला. मला समोर बसवलं आणि हाताचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला, बरोबर स्वरयंत्रावर.

"आता बोल. आवाज निंगला का हाताला लागतो."

त्यानंतर दोन महिने माझं फिजिऑलॉजी तिच्या तळव्याखाली झालं. सकाळी तिची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एक धडा, शुक्रवारी दोन-तीन. हाताला दोऱ्याचा आणि लसणाचा वास. घशातली थरथर थांबली की ती बोटाने टिचकी मारायची. पहिल्या आठवड्यात टिचक्या खाऊन माझा गळा लाल झाला. मग हळूहळू कमी झाल्या. हृदय, फुप्फुसं, रक्त, मूत्रपिंड, सगळं मी खणखणीत आवाजात म्हणायला लागले. मला ते दिवस फार आवडायचे. नापास झाल्याचं दुःख असायला हवं होतं, पण खरं सांगते, इतकी मजा मला पास होतानाही आली नव्हती.

फक्त एका धड्यात टिचकी बसायचीच. कानाचा धडा. पडद्यापासून सुरुवात चांगली व्हायची, मग मॅलियस, इन्कस, स्टेपीज ही तीन बारकी हाडं, मग आतला शंख, आणि शंखातल्या त्या केसासारखी टोकं असलेल्या पेशी. तिथे पोचले की आवाज जायचा. कारण पुढचं वाक्य मला माहीत होतं. मोठा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला की या पेशी मरतात. आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

"हितं काय हाय?" आई विचारायची. "रोज हितंच बसतो तुजा आवाज."

"काही नाही. कानाचा धडा आहे, अवघड असतो," मी म्हणायचे आणि पान उलटायचे.

पुरवणी परीक्षेच्या दिवशी परीक्षक वेगळ्या होत्या, वयाने मोठ्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. माझी आधीची कथा त्यांच्या कानावर गेली असावी, कारण पहिलाच प्रश्न त्यांनी मऊ केला. "तुला जे चांगलं येतं ते सांग."

हृदय म्हणायचं हे ठरलेलं होतं. तेच मी सर्वात जास्त वेळा पाठ केलं होतं. मी तोंड उघडलं आणि 'कान' म्हणाले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. इतक्या दिवसांत जे मी खरोखर शिकले होते ते तेवढंच होतं, असं वाटलं असेल. बोलताना मी स्वतःचाच हात गळ्यावर ठेवला. "घसा दुखतोय का?" त्यांनी विचारलं. "नाही मॅडम, आवाज येतोय का बघतेय," मी म्हटलं. त्या हसल्या. मी पडदा सांगितला, हाडं सांगितली, शंख सांगितला. पेशींपाशी आले.

"आणि सतत गोंगाटात काम करणाऱ्याचं काय होतं?"

मी सांगितलं. मरतात, परत येत नाहीत. आवाज हाताला लागत होता.

निकाल लागला तेव्हा दुपार होती. शुक्रवार होता, आई घरीच होती. तिच्यासमोर बसून सांगितलं, पास झाले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि तो आपल्या कपाळाशी नेऊन कडाकडा बोटं मोडली. मग विचारलं, "काय इचारलेलं परीक्षेत?" एवढे दिवस मी परीक्षेतलं काही बोललेच नव्हते.

"कान."

तिचा चेहरा एकदम उतरला. "त्यो धडा? मंग?"

"सांगितला."

"मना पन सांग."

आता टाळणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं, मराठीत, तिच्याकडे बघत, आवाज लावून. पेशींचं सांगितलं. डॉक्टरकडे जाऊ, कानाला लावायचं मशीन मिळतं, थोडं ऐकू येईल, पण गेलेलं परत यायचं नाही, हेही सांगितलं. सांगता सांगता मी रडायला लागले. ती माझे ओठ शेवटपर्यंत वाचत राहिली.

"म्हंजे त्यो धडा येत व्हता तुला," ती म्हणाली.

"येत होता."

"पयल्यापासून?"

"हो."

तिने मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकून बसली. "मना वाटलं येतच न्हाय तुला. दोन महिनं जिवाला घोर. देवाला सांगत व्हते, ह्या पोरीला समदं इचार, कान सोडून."