'गिव्ह अप'ला रशियनमध्ये तीन शब्द

मंडळी, आपल्या ग्रुपात कुणाला रशियन येतं का? मला येत नाही, तरी आज सकाळी मी रशियनचा नापास मास्तर ठरलो.

माझी पुतणी टेंभुर्णीहून रशियात डॉक्टरकी शिकायला गेली आहे. तिचा फोन आला. "काका, दोन घंट्यात रशियनमधी तोंडी परीक्षा हाय. पेशंटला बिडी सोडा म्हणायचंय. गिव्ह अपला इथं तीन शब्द निघाले. सवय सोडायला ब्रोसित, हार मानायला स्दात्सा, जागा सोडायला उस्तुपित. मी फक्त हार मानायचा पाठ केला."

"मंग आता ब्रोसित पाठ कर."

"हा एक करीन. वहीत इंग्रजीसमोर रशियन लिहिलेल्या बाकीच्या चारशे शब्दांचं काय? एका शब्दाला एकच अर्थ, मधे रेघ, हे तुम्हीच शिकवलं ना?"

वीस वर्षं मी इंग्रजी असंच शिकवतो. इथली पोरं त्यावर पासही होतात.

फोन कटला, त्याला चार तास झाले; परीक्षेचं काय झालं ते अजून कळलं नाही. नापास झाली तर तिचं वर्ष गेलं. तिचे वडील, माझे थोरले भाऊ, शेजारी बसून विचारताहेत, "मास्तर, पोरीची तयारी बराबर करून घेतली ना?"

मी "बिलकुल" म्हणालो आणि कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. तुम्ही काय म्हणाला असता?