पिन्हासचा डबा

"हरलं तरी आपलं माणूस आपलंच," असं पिन्हास पेझारकर म्हणायचा. इतक्या वेळा म्हणायचा, की नेवे शाकेदची पोरं त्याची नक्कल करताना आधी विजार वर ओढत, मग मनगटाने नाक पुसत आणि मग घोगऱ्या आवाजात हे वाक्य सोडत. पिन्हास हसायचा. वाक्य त्याचं नव्हतंच, त्याच्या आजोबांचं होतं. कुलाबा जिल्ह्यात पेझारीला आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. घाण्याचा बैल म्हातारा झाला, गुडघे टेकू लागला, तेव्हा खाटीक मागायला आला. आजोबांनी त्याला ओटीवर बसवलं, चहा पाजला आणि हे वाक्य बोलून रिकाम्या हाताने परत पाठवलं. बैल पुढे गोठ्यातच मेला. घाणाही गेला. वाक्य मात्र पिन्हासबरोबर समुद्र ओलांडून आलं.

नेवे शाकेद म्हणजे बेरशेवाहून एलातकडे जाणारी बस जिथं घटकाभर थांबते, ते गाव. चारी बाजूंना वाळवंट, मध्ये सूतगिरणी, गिरणीभोवती एकसारख्या चाळी. मुंबई-ठाण्याहून, कोकणातून आलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी यहुदी, माणसं इथं उतरवली गेली तेव्हा त्यांना वाटलं, बस बिघडली असावी. मग ती राहिली. वाळूत कढीपत्ता लावला. तोही राहिला. आणि एके वर्षी सगळ्यांनी मिळून रोज संध्याकाळी दगड वेचले, माळ सपाट केला, मध्ये काथ्याची मॅट अंथरली आणि क्रिकेटचं मैदान झालं. गिरणीत फिटर असलेल्या पिन्हासने मोठ्या पाइपात सिमेंट ओतून त्याचा रोलर केला. तो स्वतः कधी खेळला नाही. हातात बॅट घेतली की त्याला लाज वाटायची.

त्याचं काम डबा वाजवण्याचं. ऑलिव्हच्या तेलाचा चौकोनी डबा आणि एक लाकडी दांडका. चौकार गेला की डबा, विकेट पडली की डबा, आणि आपला संघ हरला की सगळ्यांत जास्त डबा. समोरच्या संघाची माणसं सामान भरता भरता विचारत, "जिंकलं कोण हो?" नेवे शाकेद बहुतेक वेळा हरायचंच.

संघ उभा केला अबाजीने. अबाजी मूळचा नवगावचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. कोच तोच, माळी तोच, कुणाला बूट नसले तर गावभर हिंडून बूट आणणाराही तोच. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या नावाचा, मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर खजूर आणि केळ्याच्या चकत्या, मधोमध एक लाल गुलाब. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे गायचे, आणि पहिला घास अबाजी आपल्या हाताने कप्तानाला द्यायचा. दुसरा पिन्हासला. हा मान पिन्हासला गिरणीतल्या बढतीपेक्षा मोठा वाटे.

पण पिन्हासचा मुलगा बारूख याला अबाजीने कधी संघात घेतलं नाही. बारावा गडी म्हणून ठेवला. सैन्यात जाण्याआधी दोन उन्हाळे आणि सैन्यातून सुटून आल्यावर आणखी एक उन्हाळा पोरगा इतरांना पाणी नेऊन देत राहिला. मिरियम, पिन्हासची बायको, म्हणायची, "अहो, एकदा तरी शब्द टाका अबाजीकडे. तुमचं ऐकेल तो."

"मी बोललो तर तो वशिला झाला," पिन्हास म्हणायचा. "अबाजीला खेळ कळतो. घ्यायचं तेव्हा घेईल."

बारूख हे ऐकून हिब्रूत काहीतरी पुटपुटायचा आणि उठून जायचा. पिन्हासला हिब्रू चांगलं कळत असे. पण अशा वेळी त्याला ते कळत नसे.

त्या वर्षी, युद्धाच्या आठवणी जरा थंड झाल्या होत्या तेव्हा, पुरीमच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी क्रिकेट कमिटीचा नाथान सिनेगॉगच्या अंगणात उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, या हंगामापासून कोच बदलला. गिरणीत जोहान्सबर्गहून नवीन आलेला इंजिनियर दोव, तो शिकवील. अबाजीचे कमिटीने आभार मानले आहेत.

अबाजी तिथंच शेवटच्या बाकावर बसला होता. त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली.

पनीनाच्या टपरीवर त्या दिवशी कुणी सिगारेटी विकत घेतल्या नाहीत, सगळे नुसते बोलत होते.

"आभार मानले! कमिटीने आभार मानले!" पनीना काउंटरवर फडकं आपटत म्हणाली. जिभेने ती गावात पहिली. "मेल्यांनो, अबाजी नसता तर तुमच्या मैदानावर आज विंचू क्रिकेट खेळले असते."

"पण पनीनाबाई, तीन वर्षं आपण तळाला आहोत, ते पण खरं ना," कुणीतरी म्हणालं.

"मग? तळाला कुणीतरी लागतंच की! आपण नसू तर दुसऱ्याला बसावं लागेल."

हसू उठलं आणि लगेच विझलं. मागून एक जण म्हणाला, "तो दोव गोरा आहे. इंग्लिश फाडफाड बोलतो. मग काय, झाला साहेब!"

"इथं आलो तेव्हा आपल्याला विचारलं, तुम्ही खरे यहुदी का," पनीना म्हणाली. "आता विचारतायत, तुम्हाला क्रिकेट येतं का. उद्या विचारतील, तुम्हाला भूक लागते का."

या वाक्यावर कुणी हसलं नाही. ती जखम सगळ्यांच्या अंगावर होती.  पिन्हास पुढे आला, विजार वर ओढली.

"हरलं तरी आपलं माणूस आपलंच. हो की नाही?"

"हो!"

"मग अबाजी नाही तर आपण नाही. मैदानात पाय नाही टाकायचा. बघू दे त्या दोवला रिकाम्या माळावर खेळ कसा होतो ते."

"नाही टाकायचा!"

"असं नाही. एलियाहू हन्नाबीची आण."

 हन्नाबीची आण हलकी नव्हे. पण राग ताजा होता. एकेकाने घेतली. पनीनाने तर दोनदा घेतली.

पेसाह आला आणि गेला. सणाच्या घाईत राग चुलीमागे सरकला. आणि सण संपताच एका संध्याकाळी बारूख धावत घरी आला. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"अब्बा, दोवने मला घेतलं! ओपनिंगला!" त्या दिवशी तो चक्क मराठीत बोलत होता. "स्वातंत्र्यदिनाला, अश्दोदच्या संघाविरुद्ध. तुम्ही डबा आणणार ना?"

मिरियमने त्याला कवटाळलं. पिन्हास खाली बसला. हातातली चप्पल हातातच राहिली.

"मी आण घेतलीय बारूख."

"कुणासाठी? ज्याने मला पाणी वाहायला ठेवलं त्याच्यासाठी?"

"माणूस आपलं आहे."

"आणि मी?" बारूख म्हणाला, आणि पुढचं सगळं हिब्रूत बोलला. मग त्या घरात मुलाच्या तोंडी मराठी बंद झाली. बाप मराठीत विचारी, मुलगा हिब्रूत उत्तर देई, आणि जेवण संपे.

नाथान कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याला आणेची बातमी होती. त्याने यंदाचा मलिदा अबाजीच्या घरी ठेवलाच नाही. स्वातंत्र्यदिनी सकाळी, मॅचच्या आधी, मैदानावर ठेवला. हन्नाबीच्या नावाने घेतलेली आण, आणि हन्नाबीच्याच नावाचा मलिदा. मलिद्याला बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नसतं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. टपरीवर लोकांची कुजबुज सुरू झाली. मलिद्याला गेलं म्हणजे मॅचला गेलं असं थोडंच? प्रसाद घ्यायचा आणि परत यायचं. हन्नाबीसाठी जायचं, दोवसाठी नाही.

"तू पण चल, पिन्हास," पनीना म्हणाली. "हन्नाबी समजून घेतो."

"हन्नाबी घेईल. मी नाही."

स्वातंत्र्यदिनी सकाळपासून गावभर शेगड्यांवर मांस भाजल्याचा धूर होता. मिरियमने पुऱ्यांचा डबा भरला, पदर खोचला. दारात थांबली.

"मी आई आहे. मी कुणाची आण घेतलेली नाही," ती म्हणाली आणि गेली.

पिन्हास घरात एकटा. भिंतीवर खिळ्याला डबा टांगलेला. मैदानावरून गाण्याचा आवाज आला, मग शांतता, म्हणजे मलिदा वाटतायत. आता परततील, तो मनाशी म्हणाला. खिडकीतून त्याने रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर ऊन परतलं, वारा परतला, माणूस एकही परतलं नाही. मग बॅटचा आवाज आला. टॉक्. लाकडाचा कोरडा आवाज, हमसीनच्या, त्या वाळवंटी वाऱ्याच्या, गरम हवेत लांबवर जाणारा. परत टॉक्. आणि टाळ्या. इतक्या टाळ्या त्याने कधी ऐकल्या नव्हत्या, कारण आजवर त्या त्याच्या डब्याखाली दबलेल्या असत.

त्याने डबा काढला, काखोटीला मारला आणि निघाला. मैदानाबाहेर निलगिरीच्या झाडांची रांग होती. आण मैदानात पाय टाकण्याची होती, निलगिरी मैदानाबाहेर. हा विचार मनात येताच त्याला पनीनाचं 'हन्नाबी समजून घेतो' आठवलं आणि तो ओशाळला. पण पाय थांबले नाहीत.

झाडाआडून त्याला सगळं गाव दिसलं. पनीना चहा ओतत होती. ज्यांनी आण घेतली होती ते सगळे पंगतीसारखे बसले होते, गुडघ्यावर मलिद्याच्या बशा. मॅटवर बारूख. पांढऱ्या शर्टात तो पिन्हासला क्षणभर कुणा परक्याचा मुलगा वाटला, इतका देखणा. आणि तंबूच्या सावलीत, दोवच्या शेजारच्या खुर्चीवर, नवी कोरी टोपी घालून अबाजी बसला होता.

अबाजीनेच त्याला आधी पाहिलं. तो उठला, एक बशी भरली आणि हळूहळू सीमारेषा ओलांडून झाडांकडे आला. गुडघे दुखत असावेत.

"घे. हन्नाबीचा आहे. पहिला घास मीच दिला, त्यांनी द्यायला लावला."

"तू आलास?"

"नाथानने गाडी पाठवली."

"आम्ही तुझ्यासाठी आण घेतली होती, अबाजी."

"मी सांगितली होती?" अबाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मी कुठं जाऊ रे? घरात बसलो तर भिंती खायला उठतात. दोव माणूस वाईट नाही. म्हणाला, शेजारी बसा, लहान मुलांना शिकवा. मी हो म्हटलं. मला एकदा येऊन विचारलंस का, अबाजी, तुला काय पाहिजे?"

 मैदानावर बारूखने चेंडू झाडांच्या दिशेने मारला. तो त्यांच्यापासून काही हातांवर धूळ उडवत थांबला. क्षेत्ररक्षक धावत आला, चेंडू उचलून गेला.

"छान मारतो," अबाजी म्हणाला.

"मग तू का नाही घेतलास त्याला?" इतकी वर्षं गिळलेलं वाक्य पिन्हासच्या तोंडून आलं ते फार हळू आलं. "तीन उन्हाळे त्याने पाणी वाहिलं. मी बोललो का काही?"

"नाही बोललास." अबाजीने त्याच्याकडे पाहिलं. "सगळ्यांचे बाप माझ्या दारात यायचे. माझा घ्या, माझा घ्या. तू रोज यायचास, रोलर ओढायचास, डबा वाजवायचास, पण पोराचं नाव कधी काढलं नाहीस. मला वाटलं, बापालाच पोराचा भरवसा नाही. मग मी कशाला ठेवू?"

वारा पडला होता. निलगिरीचं एक साल गळून दोघांच्या मध्ये पडलं.

तेवढ्यात टाळ्या उसळल्या. बारूखच्या पन्नास धावा झाल्या होत्या. मिरियम उभी राहून पदराने डोळे पुसत होती. बारूखने बॅट वर केली, आईकडे, तंबूकडे, आणि मग डबा नेहमी जिथं वाजायचा त्या कोपऱ्याकडे. कोपरा रिकामा. मग त्याची नजर फिरत फिरत झाडांपाशी आली आणि थांबली.

पिन्हासच्या काखेत डबा होता. हातात दांडका होता. अबाजी म्हणाला, "वाजव रे. वाजव आता."

दांडका थोडा उचलला गेलाही. पण वाजवला असता तर त्याची आण त्या पंगतीत जाऊन बसली असती, चहाच्या कपाशेजारी. आणि न वाजवावा, तर तो पाळत होता ती आण कुणालाच नको होती. ज्याच्यासाठी घेतली त्यालाही नाही. घाण्याचा बैल डोळ्यांवर झापड बांधून एकाच वाटेने फिरत राहतो, आपण कोसभर चाललो असं त्याला वाटतं. झापड काढली की तो तिथंच उभा असतो.

त्याने अबाजीच्या हातातला मलिदा घेतला, कारण हन्नाबीचा नाकारायचा नसतो. खाल्ला नाही. रुमालात बांधला, खिशात ठेवला. डबा निलगिरीच्या बुंध्याशी उपडा ठेवला, दांडका त्यावर. मग विजार वर ओढली आणि एलातच्या रस्त्याच्या बाजूने, घराच्या उलट दिशेला, चालू लागला.

अबाजी रिकामी बशी धरून त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. मॅटच्या पलीकडे बॉलर धाव घेण्यासाठी केव्हाचा तयार होता, अंपायरने दोनदा हाक मारली, तंबूतून दोव ओरडला. बारूख बॅट खाली टेकून उभा होता, मान वळवलेली, उन्हाने डोळे बारीक केलेले. रस्त्यावरचा माणूस धुळीत मिसळेपर्यंत त्याने काही नजर काढली नाही.