पिवळ्याऐवजी जांभळं

आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो, त्याच वर्षी सोसायटीसमोरच्या चौकात झाड लावायचं ठरलं. बहावाच लावायचा, असा हट्ट मी धरला. मे महिन्यात सगळा चौक पिवळाधमक दिसेल, असं सांगत घरोघरी फिरले. नर्सरीतून रोपही मीच आणलं.

रोज सकाळी मी एक बादली पाणी घालायची. दुसरी बादली घेऊन यायचे ते पहिल्या मजल्यावरचे काका. अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, बँकेतून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी इस्राएलला. रोपाला टेकवून गाड्या लावणाऱ्यांशी मी भांडायची. काका तोवर आळ्याच्या विटा सरळ करायचे.

पाच वर्षांनी, एप्रिल संपता संपता, कळ्या धरल्या. मी बिल्डिंगभर सांगून ठेवलं. आणि एका सकाळी बघते तर फुलं जांभळी. चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या, तुरेच्या तुरे. वॉचमन म्हणाला, मॅडम, रंग बदलला वाटतं. जमलेली मंडळी हसायला लागली. कुठे तोंड लपवू असं झालं मला. नर्सरीवाल्याला जाब विचारायला निघाले, तर काका आडवे आले.

"त्याला काही बोलू नका. हे ताम्हण आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बहाव्याच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात, या रोपाचं पान एकेकटं होतं. काकांनी बघताक्षणीच ओळखलं होतं. मग पाच वर्षं गप्प का बसलात, मी विचारलं. ते ओशाळले. त्यांच्या गावी घरामागच्या ओढ्याला ताम्हणाची रांग होती. ते घर विकलं, भावंडं परदेशी गेली, आणि तो बहर पुन्हा जवळून बघायला मिळाला नव्हता.

"सांगितलं असतं तर तुम्ही रोप परत केलं असतं. आणि खरं सांगू? मला हेच हवं होतं."

राग यायचा तर मला हसूच फुटलं. मग तेही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तिथूनच त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिला बराच वेळ नुसता त्यांचा कान दिसत होता, शेवटी फोन मी धरला. ती फुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहेत हो बाबा. पण उन्हात टोपी घालत जा."

काका वर गेले, टोपी घातली, खुर्ची आणली आणि झाडाखाली बसून निवांत पेपर वाचायला लागले.