नकाशावरचा तळहात

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा मी अमडापूरच्या शाळेत मास्तर होतो. एका दुपारी एक अनोळखी बाई शाळेचा रेडिओ ऐकायला आली. तिचा मुलगा विशाखापट्टणमला जहाजावर खलाशी होता आणि समुद्रातलं वादळ तिकडेच निघालं होतं.

"मास्तर, मले ते गाव दाखवा."

मी भिंतीवरच्या नकाशावर दाखवलं. तिने त्यावर तळहात दाबून धरला. बातम्या लागेपर्यंत तिने तो काढला नाही.

वादळाचा जोर वाढला होता, पण ते वळून आता ओरिसाच्या किनाऱ्याकडे निघालं होतं.

"बाई, तुमचा मुलगा वाचला!"

"मंग आता कुठी जाऊन राह्यलं ते?"

मी ओरिसा दाखवला.

"तिथंबी कोन्या मायचं लेकरू असंनच ना," म्हणत तिने तळहात उचलला आणि तिथे ठेवला.